कारणाचा रकाना

"मी चोर पकडते," असं मी माहेरी फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई घाबरली. पुस्तकचोर म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. "पुस्तकं कोण चोरतं गं? वाचायला नेतात आणि परत करत नाहीत, तेवढंच." मी तिला समजावायच्या भानगडीत पडले नाही, कारण रशियन पुस्तकांच्या धंद्याचं याहून नेमकं वर्णन मी आजतागायत ऐकलेलं नाही.

आम्ही बॉनला राहतो. नवरा एका टेलिफोन कंपनीत आहे. मी रोज सकाळी रीजनलबानच्या लोकल गाडीने ड्युसेलडॉर्फला जाते, म्हणजे रीजनलबानच्या मनात असेल त्या दिवशी. तिथे एका दाताच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. रशियात जी पुस्तकं निघू शकत नाहीत ती आम्ही रशियन भाषेत ई-बुक म्हणून काढतो. माणसं सहा, त्यातली पाच रशियन. मला रशियनचं एक अक्षर येत नाही. मुलाखतीत मी हे आधीच सांगून टाकलं, तेव्हा मालकीणबाई उलट खूश झाल्या. "छान. म्हणजे तुम्ही कामाच्या वेळात वाचत बसणार नाही," त्या म्हणाल्या. जर्मनीत येऊन चार वर्षं घरी बसल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी होती. त्या तारेवर चालायला येतं का म्हणाल्या असत्या तरी मी हो म्हटलं असतं.

माझ्याकडे दोन कामं. हस्तलिखिताची फाइल आली की मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून तिचं ई-बुक करायचं, हे एक. दुसरं म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत एक छुपी खूण पेरायची. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही अशी बारीक अक्षरांची ओळ. प्रत फुटली की ती ओळ वाचून कुठल्या गिऱ्हाइकाने फोडली ते कळतं. ही खूण बसवायला मला तीन महिने लागले आणि मला तिचा फार अभिमान होता.

फुटणाऱ्या प्रतींना मात्र अंत नव्हता. ज्या देशात आमचे वाचक, त्या देशातली कार्डं आमच्याकडे चालत नाहीत. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला ते देता येत नाहीत, आणि ज्याला देता येतात त्याला पुस्तकासाठी पैसे द्यायची सवय नाही. दुपारी पुस्तक काढावं तर चहाच्या वेळेला ते चोरांच्या साइटवर हजर. आणि हे चोर भलते सभ्य. त्यांची पत्रं येतात, आमची संपादिका ती आम्हाला वाचून दाखवते. एकाने लिहिलं होतं, "तुमचं पुस्तक आम्ही चोरलं. फार आवडलं. लेखकांना नमस्कार सांगा. पान अठ्ठ्याऐंशीवर एक चूक आहे."

मालकीणबाईंना अशा पत्रांचा संताप यायचा. त्या सत्तरीला टेकलेल्या, उंच, आणि आवाज असा की खालच्या दवाखान्यातला पेशंट आपोआप तोंड उघडेल. तरुणपणी मॉस्कोत त्या बंदी घातलेली पुस्तकं कार्बन लावून टाइप करायच्या आणि ओळखीच्यांत वाटायच्या. "पाचवी प्रत तर वाचताच यायची नाही," हे सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. ही गोष्ट मी निदान आठ वेळा ऐकली आहे. तेव्हा त्या लेखकांची परवानगी घेत होतात का, असं मी एकदाही विचारलं नाही. माझ्या नोकरीचा प्रोबेत्साइट, म्हणजे कधीही काढून टाकता येतं असा परीक्षेचा काळ, अजून संपला नव्हता.

यंदाच्या वसंतात आमची एक जाडजूड कादंबरी आली. लेखिका म्हाताऱ्या, जर्मनीतच राहणाऱ्या, आणि मालकीणबाईंची सगळी भिस्त त्या एका पुस्तकावर. ते पहिल्याच दिवशी चोरीला गेलं, याचं कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याच साइटवर त्याच कादंबरीची दुसरी प्रत आली. नाव होतं, 'दुरुस्त प्रत'. चार दिवसांनी आणखी दुरुस्त प्रत. या साइटींवर म्हणे अशी माणसं असतात, जी चोरीच्या पुस्तकांची मुद्रितं फुकट तपासतात. दोन्ही प्रती वाचून संपादिका पडेल चेहऱ्याने मीटिंगला आली. चोरांची आवृत्ती आपल्यापेक्षा चांगली आहे, ती म्हणाली.

मग तिने दुरुस्त प्रतीला जोडलेलं परिशिष्ट भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. तो तक्ता होता. रकाने चार. संपादिका माझ्यासाठी भाषांतर करत गेली. दोष, कारण, दुरुस्ती, तपासले. प्रत्येक ओळीच्या शेवटी लाल बरोबरची खूण.

"दोष क्रमांक एक," ती वाचू लागली. "प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी निरर्थक अक्षरांची ओळ. कारण, यंत्रातला कचरा. दुरुस्ती, काढून टाकली."

माझे तीन महिने.

"दोष क्रमांक दोन. शब्द मध्येच तोडले आहेत, एकूण दोनशे चौदा ठिकाणी. कारण, यंत्रावर बसवलेल्या माणसाला भाषा येत नाही आणि त्याच्यावर देखरेख करायला कुणी नाही."

खोलीतले सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागले. मालकीणबाई तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या. पण त्यांना विचारायचं होतं वेगळंच. तक्त्याच्या वर, मधोमध, रशियन नसलेलं एक अक्षर होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे काय आहे? ही तुमची लिपी ना?"

ते 'श्री' होतं.

"हो," मी म्हटलं. "आमच्याकडे काहीही लिहायला घेतलं की आधी हे लिहितात. शुभ असतं."

"म्हणजे हा माणूस भारतीय आहे."

"भारत मोठा आहे."

"रशियन कादंबरीचे स्वल्पविराम तपासणारे किती भारतीय असतील?"

मला निदान एक माहीत होता. त्या तक्त्याकडे बघताना तो मला ओळखू आला होता, आणि श्रीवरून नव्हे. श्री कोट्यवधी माणसं लिहितात. पण असे चार रकाने, याच क्रमाने, मी सकाळीच पाहिले होते, आमच्या फ्रिजवर. 'दोष: दूध नाही. कारण: काल पाहुणे. दुरुस्ती: दोन लिटर आणणे. तपासले:' आणि पुढे माझ्या खुणेसाठी मोकळी जागा.

काखेत कळसा म्हणतात तो माझ्या काखेत नव्हता. तो माझ्या घरातल्या मागच्या खोलीत, गुडघ्यावर शाल घेऊन बसलेला होता.

माझे सासरे जन्मभर नाशिकजवळच्या विमानांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. विमानं रशियन, नकाशे रशियन, सूचना रशियन. तरुणपणी त्यांना दीड वर्ष तिकडे पाठवलं होतं. तिथून ते भाषा, एक लोकरीची टोपी आणि कसल्याही चहात लिंबू पिळायची खोड घेऊन आले. त्यांच्या सहीशिवाय एक बोल्ट पुढे जात नसे. निवृत्तीनंतर त्यांनी हीच पद्धत संसाराला लावली, आणि सासूबाईंनी ती हसून चालवून घेतली. कारणाचा रकाना रिकामा सोडणारा माणूस त्यांच्या लेखी कामचुकार. "दोष काय, आंधळ्यालाही दिसतो," ते म्हणत, "कारण लिहायला छाती लागते." सासूबाई गेल्यापासून दरवर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर ते आमच्याकडे येतात. इथे ते वेळेवर उठतात, वेळेवर फिरायला जातात आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कुणाला विचारत नाहीत. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा त्यांच्यासमोर टॅबलेट होता, हातात भिंग होतं. पलीकडे माझी दहा वर्षांची लेक गृहपाठ करत होती.

"बाबा," मी कोट न काढताच म्हटलं, "तुम्ही ती रशियन कादंबरी कुठून घेतलीत?"

"घेतली कुठे? आमच्या कारखान्यातल्या एकाने लिंक पाठवली. कादंबरी मोठी सुरेख आहे गं. पण छापणाऱ्यांनी पार वाट लावलीये."

"ती आमची आहे. आमच्या ऑफिसची. आणि ती साइट चोरांची आहे."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मी चोरी करत नाही. मी दुरुस्ती करतो. कुणी चोरीची सायकल आणली आणि मी तिचं पंक्चर काढलं, तर चोर मी?"

"आजोबा, डास इस्ट फरबोटन," लेकीने वहीतून मान वर न करता निकाल दिला. तिला आमचं सगळं मराठी कळतं आणि ती सगळ्याला जर्मनमध्येच उत्तर देते. मनाई आहे म्हणजे आहे, विषय संपला.

तेवढ्यात नवरा आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो वडिलांकडे न जाता सरळ राउटरकडे गेला. "अगं, आबमानुंग येईल! वकिलाचं पत्र! कनेक्शन माझ्या नावावर आहे!" जर्मनीतला मराठी माणूस देवाला भीत असेल नसेल, आबमानुंगला भितो. फुकट सिनेमा उतरवून घेतला आणि वकिलाचं पत्र आलं, असा कुणाचा तरी मित्र प्रत्येकाला माहीत असतो. "आल्झो बाबा, प्लीज. लगेच डिलीट करा."

"करतो," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "एक सांग. तुमच्या तिथे यंत्रावर कोण आहे?"

"आहे एकजण," मी म्हटलं.

"त्याला सांग, मी रागाने लिहिलं नव्हतं."

मी कोट काढायला बाहेरच्या खोलीत गेले आणि बराच वेळ कोटच काढत राहिले.

टॅबलेटवरची प्रत डिलीट करण्याआधी त्यांनी मला एकदाच, माझ्या फोनच्या नेटवर, ती साइट दाखवली. त्यांच्या दुरुस्त प्रतीखाली लोकांचे निरोप होते. त्यांनी बोट फिरवत मला अर्थ सांगितला. कुणी लिहिलं होतं, आईच्या उशाशी बसून वाचून दाखवली, कुठे अडखळावं लागलं नाही. कुणी विचारलं होतं, वरचं चिन्ह कसलं आहे, फार देखणं आहे. ते सगळे त्यांना 'मास्टर' म्हणत होते. "आमच्या फोरमनला आम्ही म्हणायचो तसं," बाबा म्हणाले. गालातल्या गालात हसत होते. बॉनमध्ये त्यांना हाक मारणारी आम्ही तीन माणसं, आणि त्या तिघांपैकी एकाने नुकतंच राउटरचं बटण बंद केलं होतं. मला वाईट वाटलं. पण नोकरी जाईल ही भीती त्याहून मोठी होती, हे कबूल करते.

बाबांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून भिंग डबीत गेलं. ते खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतल्या कचऱ्याच्या डब्यांवर नजर ठेवू लागले. कुणी कागदाच्या डब्यात प्लॅस्टिक टाकलं तर मला सांगायचे. फ्रिजवरचा तक्ता तेवढा रोज भरला जात होता, आणि त्यातले दोष दिवसेंदिवस बारीक होत चालले होते. 'मिठाच्या बरणीचं झाकण अर्धा आटा सैल.'

ऑफिसात मी चोराचा तपास करत होते. मी आठवड्याचा अहवाल देत असे, तपास चालू आहे, धागेदोरे अपुरे आहेत. चार आठवडे मी पगार घेऊन माझ्याच सासऱ्यांना शोधत नव्हते. एकदा मनाशी ठरवलं, सांगून टाकावं. बाबांना इकडे आणावं, मालकीणबाईंसमोर बसवावं, दोघं रशियनमध्ये भांडतील, लिंबाचा चहा पितील, बाबांना काम मिळेल. मी मालकीणबाईंच्या दारापर्यंत गेले. आतून फोनवर जर्मनमध्ये त्यांचा आवाज आला, "त्या इंडियन चोराला मी कोर्टात उभा करीन." मी तशीच परत फिरले. काचेच्या दारातून त्यांनी मला पाहिलं असणार, कारण दहा मिनिटांनी त्यांनीच मला आत बोलावलं.

"आपल्या आवृत्तीत चुका फार," त्या म्हणाल्या. "लेखिकेने रडत फोन केला होता. नवी आवृत्ती काढू. संशोधित."

"तपासायला कुणाला देऊ या?" मी विचारलं. आत्ता, मी स्वतःला म्हटलं. आत्ता सांग.

"कशाला द्यायचं? तपासून झालंय की." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. चोरांची साइट होती, बाबांची शेवटची दुरुस्त प्रत होती. "ही उतरवून घ्या. मजकूर आपलाच आहे. स्वल्पविरामावर कुणाचा हक्क नसतो. तुमची ती छुपी खूण पुन्हा घाला, तो तक्ता काढा. आणि ते वरचं चिन्हही काढा, पहिल्या पानावरही टाकलंय त्याने."

चोरावर मोर ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण मोर बघायचा योग पहिल्यांदाच आला. हसू येत होतं, आणि हसायची हिंमत नव्हती. मी मान डोलावली. "गेनाऊ," म्हटलं. हा जर्मन शब्द मोठा सोयीचा आहे. बरोबर आहे असं वाटत नसतानाही तो तोंडातून आपोआप निघतो.

जागेवर येऊन मी फाइल उघडली. पहिल्या पानावर, लेखिकेच्या नावाच्याही वर, श्री होतं. बाबांनी ते जरा मोठ्या टाइपात घेतलं होतं. ते काढायला एक सेकंद लागला. एक कळ. मला काय वाटलं ते सांगते. लाज वाटली, आणि लगोलग हायसंही वाटलं, की आता पुरावा राहिला नाही. आधी काय वाटलं यावर मी नंतर स्वतःशी खूप वाद घातला आहे.

संशोधित आवृत्ती आली. तिची वाहवा झाली. या पडत्या काळातही अशी स्वच्छ आवृत्ती काढणारं प्रकाशन आहे, असं कुणीतरी कुठेतरी लिहिलं. मालकीणबाईंनी ते छापून भिंतीवर लावलं आणि केक आणला. माझा प्रोबेत्साइट त्याच आठवड्यात संपला, मी कायम झाले. केकचा एक तुकडा मी घरी नेला.

केक कशाचा, असं बाबांनी विचारलं. नवी आवृत्ती निघाली, एवढंच मी सांगितलं.

"मग आता रीतसर घेऊ," ते एकदम उत्साहाने म्हणाले. नवऱ्याने कार्डाने पैसे भरले, प्रत टॅबलेटवर आली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ई-बुक विकत घेतलं होतं. त्यांनी भिंग डबीतून काढलं, पुसलं आणि खिडकीची खुर्ची फिरवून कचऱ्याच्या डब्यांकडे पाठ केली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पहिल्या पानावर ते फार वेळ थांबले. मग वाचू लागले.

कादंबरी त्यांनी नऊ दिवसांत संपवली. मधल्या काळात मी रोज वाट पाहत होते की आता विचारतील, मग विचारतील. प्रत्येक पानावर त्यांना आपलेच स्वल्पविराम भेटत असणार. दोनशे चौदा तुटलेले शब्द त्यांनीच जोडलेले. दहाव्या दिवशी जेवताना मीच न राहवून विचारलं, "बाबा, कशी वाटली प्रत?"

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "कोशिंबीर वाढ."

व्हिसा संपत आला होता. शनिवारी आम्ही त्यांना फ्रँकफर्टला विमानात बसवून आलो. निघताना त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाले, "कायम झालीस ते फार बरं झालं. जपून राहा." सासूबाई गेल्यापासून इतकं मायेचं वाक्य ते माझ्याशी क्वचितच बोलले असतील.

घरी येऊन मी दूध काढायला फ्रिजपाशी गेले. नेहमीचा तक्ता लावलेला होता, वर मधोमध श्री, खाली शिसपेन्सिलीतलं ते नेटकं अक्षर.

'दोष: दूध नाही. कारण: प्रवासासाठी दही लावले. दुरुस्ती: एक लिटर आणणे.'

'दोष: कोथिंबीर सुकली. कारण: मी पाणी बदलायला विसरलो. दुरुस्ती: नवी जुडी आणणे.'

'दोष: पुस्तकाच्या पहिल्या पानावर श्री नाही.'

त्यापुढे कारणाचा रकाना रिकामा होता. चाळीस वर्षांत ज्याने एकही रिकामा सोडला नाही, त्या माणसाने तो रिकामा सोडला होता. दुरुस्तीच्या रकान्यात 'नको' लिहिलं होतं, आणि 'तपासले'च्या रकान्यात लाल खूण त्यांनी स्वतःच करून टाकली होती, मला करावी लागू नये म्हणून.

दूध आणि कोथिंबीर मी त्याच संध्याकाळी आणली.